नळाचा एरेटर: कोल्हापुरातल्या घरात कुठं बसवावा, कुठं बसवू नये

नळाच्या तोंडाला लावायची पाणी वाचवणारी जाळी, म्हणजे एरेटर, ही पन्नास ते तीनशे रुपयांची वस्तू. उन्हाळा तापला, कळंबा तलावाचं पाणी मागं सरकलं आणि पाणीकपातीची चर्चा सुरू झाली की हार्डवेअरच्या दुकानांत तिची विचारणा वाढते. पुड्यावर ‘८० टक्के बचत’ असं ठळक छापलेलं असतं. लोक पाच-सहा नग एकदम नेतात, घरातल्या सगळ्या चाव्यांना, म्हणजे नळांना, बसवतात आणि महिन्याभरात त्यातल्या निम्म्या जाळ्या निघून ड्रॉवरमध्ये पडतात. वस्तू चांगली आहे. चुकीच्या चावीला चुकीच्या लिटरची जाळी बसते, म्हणून असं होतं.

आमचं मत आधीच सांगतो. वॉश बेसिनला एरेटर जरूर बसवा. स्वयंपाकघरातल्या सिंकला दाब बघून बसवा. न्हाणीघरात बादली भरायच्या चावीला बसवू नका. आणि महापालिकेची लाईन जिथं थेट येते, त्या चावीच्या जवळपासही ही जाळी नेऊ नका.

यामागचा हिशेब साधा आहे. एरेटर धार बारीक करतो आणि तिच्यात हवा मिसळतो. त्यामुळं कमी पाण्यातही हात भिजल्यासारखे वाटतात, धार भरीव दिसते, पाणी उडत नाही. पण पंधरा लिटरची बादली भरायला पंधरा लिटरच पाणी लागतं, जाळी असो वा नसो. फरक पडतो तो फक्त वेळेत. आपल्याकडं अंघोळ बादली-तांब्याची, कपडे बादलीत किंवा मशीनमध्ये, फरशी पुसणं बादलीनं. म्हणजे घरातल्या पाण्याचा मोठा भाग मापून भरलेला असतो, तिथं एरेटर काहीही वाचवत नाही. वाचवतो तो वाहत्या धारेखालच्या कामात: हात धुणं, तोंड धुणं, दाढी, भाजी धुणं आणि सगळ्यात जास्त, भांडी विसळणं. सिंकची चावी भांडी घासताना वीस मिनिटं चालू राहत असेल आणि धार मिनिटाला आठ लिटरची असेल, तर १६० लिटर गेलं. तीच धार साडेतीन लिटरवर आणली तर ७० लिटरात काम होतं. शहरी घरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरलं, तर वाचलेलं पाणी एका माणसाच्या दिवसाच्या निम्म्याहून अधिक गरजेइतकं होतं. एवढं एका चावीवर वाचत असेल तर वस्तू घेण्यासारखी आहेच.

आता खरी अडचण, दाबाची. पुड्यावर लिहिलेले मिनिटाला ३, ६ किंवा ८ लिटर हे आकडे बहुतेक कंपन्या ३ बार दाबावर मोजतात (बार हे दाबाचं माप). आपल्या घरात ३ बार दाब कुठून येणार? पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, आणि दहा मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत धरा. गच्चीवर स्टँड दीड मीटरचा, टाकीत सरासरी अर्धा मीटर पाणी. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या चावीला जेमतेम चार मीटर उंची मिळते, म्हणजे ०.४ बार. प्रत्येक मजला खाली उतरलं की तीन मीटर वाढतात, म्हणजे पुढचे आकडे ०.७, १.० आणि तळमजल्याला १.३ बार. पेठेतल्या एकमजली घराची टाकी तर छपरावरच ठेवलेली असते, तिथं ०.३ बार मिळाला तरी पुष्कळ. आणि आत जुनी गंजलेली जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी, पाइप असेल तर त्यातूनही आणखी कमी.

दाब चौथाईवर आला की साध्या छिद्राच्या जाळीतली धार निम्म्यावर येते. म्हणजे ‘६ लिटर’ लिहिलेली जाळी पाऊण बारला ३ लिटर देते आणि वरच्या मजल्यावर, ०.४ बारला, सव्वादोन लिटरच्या आसपास. ‘३ लिटर’ची जाळी तिथं लावली तर मिनिटाला लिटरभर पाणी येतं. तीन लिटरचा कुकर भरायला तीन मिनिटं लागली की स्वयंपाक करणारं माणूस ती जाळी काढून फेकणारच, आणि त्यात त्याची काही चूक नाही. म्हणून सर्वांत कमी लिटरचा नग सर्वांत जास्त बचतीचा, हा विचार आधी सोडून द्या. टाकीच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात वरच्या मजल्यांना ८ लिटरचा, खालच्या मजल्यांना ६ लिटरचा, आणि ३ लिटरचा फक्त जिथं प्रेशर पंप बसवलाय किंवा उंच अपार्टमेंटचा अगदी खालचा मजला आहे तिथं.

दुकानात जायच्या आधी आपली धार मोजून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. लिटरच्या बाटलीनं पाच वेळा पाणी ओतून बादलीवर पाच लिटरची खूण करा. चावी पूर्ण सोडून खुणेपर्यंत भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर बघा. ३०० ला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाला किती लिटर ते मिळतं. ३० सेकंद लागले तर १० लिटर, ६० लागले तर ५. टाकी अर्धी असताना मोजा, भरल्या टाकीचा आकडा फसवतो. उत्तर ५ लिटरच्या खाली आलं तर एरेटरवर पैसे घालवू नका. तिथं चावी आधीच कमी पाणी देतेय. अशा घरात अँगल कॉक, म्हणजे सिंक-बेसिनखालचा छोटा व्हॉल्व, अर्धवट बंद आहे का, पाइपात गंज साचलाय का, ते पहिल्यांदा बघायला हवं.

दुकानात नग हातात घेतला की तो उलटा करून बघा, म्हणजे ज्या बाजूनं पाणी आत शिरतं ती बाजू. आत एकच चकती आणि तिला बारीक छिद्रं दिसली तर तो साधा प्रकार. चांदणीच्या आकाराच्या प्लास्टिकभोवती रबराची बारीक रिंग दिसली तर तो दाबाप्रमाणे जुळवून घेणारा प्रकार. दाब वाढला की ती रिंग दबते आणि वाट अरुंद होते, दाब कमी झाला की सैल पडून वाट मोकळी करते. त्यामुळं कमी दाबाला त्याची धार साध्या नगाएवढी मरत नाही. कोल्हापुरातल्या गच्चीच्या टाक्यांना हाच प्रकार घ्यावा, थोडे पैसे जास्त गेले तरी. दुकानदाराला ‘रिंगवाला दाखवा’ म्हटलं तरी कळतं. नुसतं ‘फोम फ्लो’ म्हणून मागितलंत तर बऱ्याचदा फक्त जाळी मिळते. ती धार मऊ करते, पण पाणी अडवणारी चकती तिच्यात असेलच असं नाही.

सिंकसाठी फिरत्या मानेचा, दोन धारांचा नग मिळतो. ओढला किंवा फिरवला की एका बाजूला भरीव धार, दुसऱ्या बाजूला फवारा. कुकर भरायला धार, ताटं विसळायला फवारा. आमच्या पसंतीचा हाच. त्याचं दुखणं मानेतल्या सांध्यात असतं. स्वस्त नगात हा गोल सांधा प्लास्टिकचा असतो आणि रोजच्या ओढाओढीनं वर्षभरात ठिबकायला लागतो. आतला गोळा पितळी असलेलाच घ्या. हातात घेतल्यावर वजन जाणवतं.

माप चुकलं तर सगळंच फुकट, म्हणून जुनी जाळी काढून सोबत न्या. नवीन चावीचे आटे आतून असतील तर नगाला बाहेरून आटे लागतात, माप एम २४. चावीचे आटे बाहेरून असतील तर नगाला आतून, माप एम २२. या दोन मापांत घरातल्या बऱ्याचशा चाव्या बसतात. पीटीएमटीच्या पांढऱ्या प्लास्टिक चाव्यांची मापं कंपनीगणिक बदलतात, तिथं त्याच कंपनीचा नग शोधलेला बरा. जुन्या पितळी तोटीला आटेच नसतात. तिच्यासाठी रबरी गळ्याचा, क्लिपनं आवळायचा नग मिळतो, पण तो दाबानं सुटून येतो, घेऊ नका. तोटी चांगल्या पितळेची असेल आणि बदलायची नसेल, तर उद्यमनगरात लेथवाल्याकडं चावी घेऊन जा. तोंडाला आटे पाडून किंवा छोटा अडॅप्टर टर्न करून मिळतो. मापाला नमुन्याचा एरेटर सोबत न्या, तोंडी माप सांगू नका.

बसवणं कुणालाही जमतं. सिंकच्या भोकावर फडकं टाका, म्हणजे पडलेला वायसर खाली जाणार नाही. जुनी जाळी हातानं फिरत नसेल तर तिच्याभोवती जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा गुंडाळून पान्ह्यानं फिरवा, पॉलिश खरवडत नाही. जाळी निघाली की नवीन लगेच बसवू नका. आधी चावी पूर्ण सोडून अर्धा मिनिट पाणी जाऊ द्या. पाइपातला गंज, वाळू, टेफ्लॉनच्या धाग्यांचे तुकडे निघून जातात, नाहीतर ते सगळे नव्या जाळीत जाऊन बसतात. मग वायसर सपाट बसलाय ना ते बघून नग हातानं आवळा. टेफ्लॉन टेप इथं गुंडाळायची नाही. पाणी वायसर रोखतो, आटे नाही. टेपचे धागे सुटून तेच जाळीत अडकतात. हातानं आवळून ठिबकत असेल तरच पान्ह्यानं पाव फेरा. प्लास्टिकच्या चावीला तोही नको, आटे कापले गेले की चावीच बदलावी लागते.

बसवल्यावर पुन्हा त्याच खुणेची बादली लावून मोजा. बेसिनला मिनिटाला अडीच-तीन लिटर आणि सिंकला साडेतीन-चार लिटर मिळत असेल तर जुळलं. सिंकला तीनच्या खाली गेलं तर वरच्या लिटरचा नग बदलून आणा. दुकानदाराशी बदलीचं आधीच बोलून ठेवावं.

एक धोका फारसं कुणी सांगत नाही. सिंकला गॅस गीझरचं गरम पाणी येत असेल तर एरेटर बसवताना सावध राहा. गॅस गीझर पाण्याच्या धक्क्यावर पेटतो, आणि त्याला मिनिटाला साधारण अडीच लिटर तरी धार लागते. जाळीनं धार त्याखाली गेली तर गीझर पेटतच नाही किंवा पेटून-विझून करत राहतो. मग मेकॅनिक बोलावला जातो, सेल बदलले जातात, आणि खरं कारण चावीच्या तोंडाला बसलेलं असतं. बटण दाबून तापवणाऱ्या साठवणुकीच्या विजेच्या गीझरला ही अडचण नाही.

देखभाल टाळली तर चांगला नगही सहा महिन्यांत मरतो. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं, कुठं लाईन फुटून दुरुस्त झाली, टाकी धुतली, की दुसऱ्या दिवशी जाळी काढून झटकायची. धार एका बाजूला तिरकी मारायला लागली किंवा फुरफुर आवाज यायला लागला, तर जाळी तुंबली असं समजा. काढताना भागांचा क्रम लक्षात ठेवा, शक्यतो मोबाइलवर फोटो काढा. वायसर, चकती, जाळ्या असा क्रम असतो आणि चकती उलटी बसली तर धार फाटते. शहरातलं नदीचं पाणी मऊ आहे, क्षार फार बसत नाहीत. हातकणंगले, शिरोळकडं बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत मात्र जाळीवर पांढरा थर धरतो. कपभर गरम पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून सुटे भाग अर्धा तास बुडवून ठेवा, मग जुन्या टूथब्रशनं घासा. ॲसिड वापरू नका, रबर आणि पॉलिश दोन्ही जातात. थर नसला तरी महिन्यातून एकदा जाळी धुवावीच, कारण आत बुळबुळीत थर साचतो आणि त्याच चावीचं पाणी आपण पिण्याला घेतो.

किमतीचं सांगायचं तर पूर्ण प्लास्टिकचा नग पन्नास-ऐंशी रुपयांत, पितळी बाहेरचा आणि रिंगवाला दीडशे-तीनशेच्या घरात मिळतो. प्लास्टिकचा नग बेसिनला वर्षभर काढतो, त्यावर क्रोम चढवलेलं असेल तर ते आधी उडतं. पितळी घेतला तर आतला गर, म्हणजे चकती-जाळ्यांचा भाग, तेवढा बदलता येतो, वरचं टोपण चार-पाच वर्षं टिकतं. सुटा गर ठेवणारं दुकान शोधून ठेवावं.

हे सगळं करण्याआधी एक गोष्ट मात्र तपासा, कारण तिच्यापुढं एरेटरची बचत किरकोळ आहे. गच्चीची टाकी भरून वाहते का? अर्धा एचपीची मोटर मिनिटाला वीस ते तीस लिटर पाणी चढवते. मोटर चालू ठेवून पंधरा मिनिटं विसरली तर तीनशे ते साडेचारशे लिटर पाणी गटारात. सिंकच्या जाळीनं चार दिवसांत वाचवलेलं एका सकाळी गेलं. वरच्या टाकीत फ्लोट स्विच किंवा सेन्सरवाला कंट्रोलर आधी बसवा, उरलेल्या पैशात एरेटर. कंट्रोलर घेताना खालच्या हौदातही सेन्सर सोडता येईल असा घ्या, म्हणजे हौद रिकामा झाल्यावर मोटर कोरडी चालणार नाही. पाण्यात बुडणाऱ्या उघड्या तारांचे सेन्सर स्वस्त असतात, पण वर्ष-दोन वर्षांत हिरवे पडून चुकीचं दाखवतात. तरंगत्या बॉलचा स्विच जास्त टिकतो.

फ्लशची गळतीही अशीच छुपी. फ्लशच्या टाकीत जिलेबीत घालतात तो खाण्याचा रंग चिमूटभर टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर खालचा रबरी वायसर गेलाय. दुरुस्ती किरकोळ आहे आणि गळती रात्रंदिवस चालू असते. जुन्या दहा लिटरच्या टाकीत पाण्यानं भरलेली लिटरची बाटली उभी करून ठेवली तर दर फ्लशला लिटरभर वाचतं. वीट ठेवू नका, ती झिजून तिची माती व्हॉल्वमध्ये जाते. ३ आणि ६ लिटरच्या दोन बटणांच्या टाकीत बाटलीही नको, कारण मग भांडं साफ होत नाही आणि लोक दोनदा फ्लश करतात.

आरओ मशीनबद्दल थोडक्यात. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागं दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणाऱ्या मीटरनं आपलं पाणी तपासा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह धरलाय, आणि राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये ५०० च्या खालच्या पाण्याला आरओ वापरू नये असंच सांगितलं होतं. आकडा त्याखाली असेल तर अतिनील किरण आणि बारीक गाळणीचं (यूव्ही-यूएफ) मशीन पुरे, त्यात पाणी वाया जात नाही. बोअरचं पाणी असेल आणि आरओ लागतच असेल तर त्याची सांडपाण्याची नळी कळशीत सोडा. ते पाणी भांड्यांची पहिली धूण आणि फरशीला चालतं. कुंड्यांना रोज घालू नका, क्षार मातीत साचतात.

आता थेट लाईनच्या चावीचं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत दारात किंवा मोरीत एक चावी महापालिकेच्या लाईनला जोडलेली असते आणि तिच्यावर पिंप, घागरी, कळश्या भरून घेतल्या जातात. पाणी ठरावीक वेळच येतं. तिथं एरेटर बसवला तर त्या वेळात पिंप भरतच नाही. इचलकरंजीसारख्या ठिकाणी, जिथं दोन पुरवठ्यांत दिवस जातात, तिथं ही चूक जास्त महागात पडते. थेट चावीला काही लावायचंच असेल तर कापडी किंवा नायलॉनची गाळणी लावा, तीही पाणी भरून झालं की काढून धुवायची.

काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ च्या अखेरीस शहरात आलं, तरी घरात पाण्याचा थोडा साठा ठेवायची गरज संपलेली नाही. वीज गेली, पंप बिघडला, जलवाहिनी फुटली की चाव्या कोरड्या पडतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि बाहेर पूर असताना शहर टँकरवर आलं. अशा दिवसांसाठी छपराच्या पन्हाळीखाली झाकणाचं ५०० लिटरचं पिंप ठेवणं हा एरेटरइतकाच उपयोगी खर्च आहे. पन्हाळीच्या पाइपाला टी-जोड आणि चावी बसवा, पहिल्या पावसाचं घाण पाणी तिथून सोडून द्या, मगच पिंपात घ्या. तोंडाला मच्छरजाळी घट्ट बांधा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. हे पाणी संडास, फरशी, कपड्यांना वापरायचं. ते एप्रिलपर्यंत पुरेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, पाचशे लिटर चार माणसांना संडासाला फार तर आठ-दहा दिवस जातात.

अपार्टमेंटच्या सोसायट्या हल्ली सगळ्या फ्लॅटना एकाच मापाचे नग घाऊक घेतात. त्यांनी घाऊक घेण्याआधी ६ आणि ८ लिटरचे रिंगवाले दोन-दोन नग आणून सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या फ्लॅटच्या सिंकला लावून बघावेत, बादलीनं मोजावेत, आणि मजल्याप्रमाणे वेगवेगळी ऑर्डर द्यावी. पावतीवर नगाचा प्रकार, लिटर आणि आट्याचं माप लिहून घ्या. पुढं नुसता आतला गर मागायची वेळ येईल तेव्हा याच तीन गोष्टी दुकानदार विचारतो.